चालते

पिटात उतरलं की गाडीचं पोट दिसतं.
वरून ती निळी, मानव विकासची,
खिडकीच्या गजाला कुणाची तरी रिबीन अडकलेली.
खालून सगळ्या गाड्या एकाच रंगाच्या :
ऑइल, माती,
आणि पिपरबोडीच्या रस्त्यावरचं वाळलेलं शेण.

नोंदवहीत चार रकाने.
गाडी क्रमांक. चालकाची तक्रार. काय केले. सही.
तक्रारीचा रकाना अंगठ्याएवढा रुंद.
त्यात डडमल ड्रायव्हरनं सोमवारी लिहिलं,
ब्रेक मारला का डावीकडे ओढते.
मंगळवारी, डावीकडे ओढते.
बुधवारी नुसतंच, ओढते.
गुरुवारी अक्षर नाही,
एक बाण. डावीकडे.

समोर चारही दिवस एकच शाई,
एकच घाईचं अक्षर :
पाहिले. चालते.

हा शब्द मला आयटीआयनं शिकवला नाही.
तो घरूनच डब्यात घालून आणलेला.
गळका नळ? चालते.
एका काडीचा चष्मा? चालते.
मोठ्या बहिणीचं स्थळ,
थोडी घेतो म्हणतात, पण चालते.
आमच्याकडे जे पडून राहत नाही
ते सगळं चालते.
आणि ब्रेकचं तर कामच थांबवणं.

शुक्रवारी संध्याकाळी मी उजवा ड्रम उतरवला.
सगळे चार दिवस डावीकडे पाहत होते.
गाडी डावीकडे ओढते
कारण उजवं चाक धरतच नाही,
एवढं साधं.
लायनर हबच्या तेलात भिजून चिप्प,
आणि वर हवेचा पाइप
चासीला घासून घासून
आतले दोरे दिसेपर्यंत पातळ.
टॉर्च दातात होता,
म्हणून तोंडातून काही निघालं नाही.

खोब्रागडे साहेब वाईट माणूस नाही.
लायनरची मागणी त्यांनी तीनदा पाठवली,
प्रती दाखवल्या मला,
टाचण्या गंजलेल्या.
म्हणाले, कुमरे बाई, मुक्कामी गाडी आहे जी,
जादा एकही नाही,
पोरींचे पेपर सुरू आहेत.
किरकोळ लिहा. सोमवारी पाहू.

मी लिहिलं :
धोकादायक. मार्गावर पाठवू नये.
शब्द मावेनात.
‘पाठवू नये’ सहीच्या रकान्यात शिरलं,
आणि माझी सही
खालच्या गाडीच्या ओळीत पडली,
तिचा काही दोष नसताना.

साहेबांनी वही वाचली.
किल्ली खिशात टाकली. बोलले नाहीत.

शनिवारी सकाळी पोरी आल्या
त्या काळीपिवळीतून.
नऊच्या जीपमधून एकोणीस,
दोघी मागच्या पायरीवर, ओढण्या दातात.
सवयीनं माझी नजर खाली गेली :
पुढचं डावं टायर गोटा,
मागचा पाटा तुटलेला, वर सुतळी.
ह्या गाडीला वही नाही.
हिची तक्रार कोणी करत नाही,
तिथे काय केले ते कोणी विचारत नाही.
एक मुलगी माझा खाकी शर्ट पाहून थांबली,
मॅडम, आमची गाडी केव्हा येते?
मी म्हटलं, सामान आलं का लगेच.
ती म्हणाली, चालते.

डडमल दुपारी आला, बिनगाडीचा.
बोट ठेवून ठेवून माझी ओळ वाचली,
उजवीकडे होतं का जी, म्हणाला,
आणि उगाच आपला तळहात पाहिला.
मग सायकल काढली.
फाटकापर्यंत मी पाहत राहिले,
रस्ता सरळ, वारा नाही,
आणि त्याची सायकल
दर चार पायडलांना
थोडी उजवीकडे जात होती.